रेडिओ बी९२ आणि मिलोशेविचची राजवट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हुकूमशाहीत स्वतंत्र प्रसारकाचं काम काय, या प्रश्नाला मोघम उत्तरं भरपूर मिळतात. म्हणून इथे एकाच स्टेशनचा माग काढला आहे: सर्बियाच्या राजधानीतलं, बेलग्रेडचं रेडिओ बी९२, मुख्यतः १९८९ ते २००० या काळातलं. या स्टेशनचा विषय निघाला की जे प्रश्न हटकून येतात त्यांची ही उत्तरं आहेत. काही लांबली आहेत, काही दोन-चार वाक्यांत आटोपली आहेत.

बी९२ सुरू कसं झालं?

अगदीच तात्पुरतं म्हणून. १५ मे १९८९ रोजी बेलग्रेडच्या समाजवादी युवक संघटनेने पंधरा दिवसांचा प्रयोग म्हणून हे स्टेशन सुरू केलं. शहरातल्या युवक भवनाच्या इमारतीत स्टुडिओ, ९२.५ मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सी, ट्रान्समीटर तुटपुंजा. पंधरा दिवस सरले, स्टेशन चालूच राहिलं. वेरान मातिच मुख्य संपादक झाले आणि पुढची अनेक वर्षं तेच राहिले.

ही जन्मकथा लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढची सगळी कटकट तिच्यातूनच निघाली. स्टेशनची कागदोपत्री मालकी युवक संघटनेकडे होती आणि कायमचा परवाना कधी हातात पडलाच नाही. सरकारला हवं तेव्हा ओढता येईल असा दोर पहिल्या दिवसापासून गळ्यात होता.

सर्बियात निवडणुका होत होत्या, विरोधी पक्षही होते. मग तिला हुकूमशाही म्हणायचं का?

सर्बियाचा तेव्हाचा सत्ताधीश स्लोबोदान मिलोशेविच याची राजवट सरसकट बंदी घालणारी नव्हती, हे खरं आहे. बेलग्रेडमध्ये विरोधी वर्तमानपत्रं विकत मिळत, सभा होत, १९९० पासून बहुपक्षीय निवडणुकाही होत. पण देशभर दिसणारं टीव्हीचं जाळं मिलोशेविचच्या मुठीत होतं. सरकारी प्रसारण संस्था आरटीएस संध्याकाळी साडेसातला मुख्य बातमीपत्र लावायची आणि गावोगावच्या माणसांसाठी देशात जे घडलं ते तेवढंच. जानेवारी १९९३ मध्ये या संस्थेतल्या हजाराहून अधिक कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर धाडलं गेलं. त्यांत बरेचसे, युगोस्लाव्हिया फुटताना पेटलेल्या युद्धांच्या बातम्यांबद्दल कुरकुर करणारे होते.

वर्तमानपत्र चार-पाच हजारांनी वाचलं तर अशा राजवटीचं फारसं बिघडत नाही. आवाज हवेतून फुकट घरात शिरायला लागला की बिघडतं. म्हणून सगळी झटापट ट्रान्समीटर, फ्रिक्वेन्सी आणि परवाना यांच्याभोवती झाली.

मग सरकारने बी९२ सरळ बंद का केलं नाही?

केलं, चार वेळा: १९९१, १९९६, १९९९ आणि २००० मध्ये. पण ‘तुमच्या बातम्या आवडल्या नाहीत’ असं कारण शक्यतो दिलं नाही. कधी परवाना नाही, कधी तांत्रिक बिघाड, कधी ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त शक्तीने प्रक्षेपण, कधी मालकीचा वाद.

मधल्या काळात चालू राहू दिलं, त्याचा हिशेब साधा होता. बी९२ चा आवाज जेमतेम बेलग्रेडपुरता पोचायचा. राजधानीतले सुशिक्षित, चिडलेले तरुण रेडिओ ऐकून मोकळे झाले तर सरकारला परवडत होतं. शिवाय परदेशी पाहुण्यांना ‘हे बघा, आमच्याकडे विरोधी रेडिओसुद्धा आहे’ म्हणून दाखवायला बरं. स्टेशनमधल्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. आपण दिखाव्याचा भाग ठरतोय हे ओळखूनही त्यांनी मिळालेल्या जागेत काम करायचं ठरवलं. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी स्टुडिओ, माणसं आणि श्रोत्यांची सवय, तिन्ही जागेवर होत्या.

९ मार्च १९९१ चा प्रसंग इतका का सांगितला जातो?

कारण त्या दिवशीची मागणीच टीव्हीबद्दल होती. विरोधी नेते वुक द्राश्कोविच यांच्या पक्षाने बोलावलेल्या मोर्चात हजारो लोक बेलग्रेडच्या मध्यावर जमले. सरकारी टीव्हीने विरोधकांची बदनामी थांबवावी आणि तिथल्या प्रमुखांनी राजीनामे द्यावेत, असं त्यांचं म्हणणं. टीव्हीच्या इमारतीला लोक ‘टीव्ही बास्तील’ म्हणायचे. पोलिसांशी चकमकी झाल्या, एक विद्यार्थी आणि एक पोलीस असे दोघे मेले आणि संध्याकाळी रस्त्यांवर रणगाडे आले.

बी९२ आणि शहराची वाहिनी स्टुडिओ बी यांचं प्रसारण थांबवण्यात आलं. नंतर बी९२ ला परत बोलायची मुभा मिळाली ती एका अटीवर: बातम्या नाहीत, फक्त संगीत. मग स्टेशनने संगीतच लावलं. सत्तेशी लढा म्हणणारी अमेरिकन रॅप गाणी, दंगलीवरची ब्रिटिश पंक गाणी, एकामागून एक. निवेदकाने चकार शब्द काढायचा नाही आणि शहराला सगळं समजायचं. हुकमाचं अक्षरशः पालन झालं होतं, त्यामुळे पकडायचं तरी काय? काही दिवसांत सरकारी टीव्हीच्या संचालकांना पायउतार व्हावं लागलं आणि बी९२ च्या बातम्या परत आल्या.

एरवीही बी९२ वर इतकं संगीत का असायचं? ते गंभीर वृत्तकेंद्र नव्हतं का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना वाटतं की संगीत म्हणजे दोन बातमीपत्रांमधली भर. इथे उलट होतं. राष्ट्रवादाला चिकटून आलेला एक ठरावीक पॉप-लोकसंगीताचा प्रकार त्या काळात सरकारधार्जिण्या वाहिन्यांवर ओसंडून वाहत होता. बी९२ वर जे वाजायचं त्यातून ‘आपण जगापासून तुटलेलो नाही’ एवढं तरी ऐकणाऱ्याला जाणवायचं. देशावरच्या आंतरराष्ट्रीय आर्थिक निर्बंधांच्या काळात ही छोटी गोष्ट नव्हती. आणि गाण्यांसाठी रेडिओ लावलेला मुलगा बातम्याही ऐकायचा.

युद्धाच्या वर्षांत स्टेशनने काय केलं?

आधी समोर काय होतं ते पाहू. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ शेजारच्या बोस्नियाची राजधानी सारायेव्होला सर्ब फौजांचा वेढा पडला होता, तोफा डागल्या जात होत्या, आणि आरटीएसच्या प्रेक्षकाला तो वेढा जवळजवळ दिसतच नव्हता. सारायेव्होच्या प्राणिसंग्रहालयात सर्ब मुलांना सिंहांपुढे टाकतात, असली बातमीसुद्धा त्या पडद्यावरून गेली. (याच संस्थेने २०११ मध्ये नव्वदच्या दशकातल्या आपल्या वार्तांकनाबद्दल जाहीर माफी मागितली.)

बी९२ ने वेढ्याला वेढा म्हटलं, सैन्यभरतीतून पळणाऱ्या तरुणांबद्दल बोललं, युद्धविरोधी कार्यक्रमांना माईक दिला. मार्च १९९२ मध्ये बेलग्रेडच्या काही रॉक वादकांनी एकत्र येऊन उघड्या ट्रकवर उभं राहून शहरभर युद्धविरोधी गाणं वाजवलं. त्यांची तबकडी बी९२ नेच काढली. मे महिन्याच्या अखेरीस सारायेव्होच्या लोकांसाठी भलीमोठी काळी फीत हातात धरून बेलग्रेडकर रस्त्यातून चालले. अशा गोष्टी कुठे, किती वाजता, हे कळायची जागा म्हणजे हे स्टेशन.

याने युद्ध थांबलं का? नाही. पण ‘सर्बियात सगळ्यांना युद्ध हवं होतं’ हे वाक्य खोटं ठरवणारा पुरावा ध्वनिफितींवर राहिला. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या पत्रकार संरक्षण समितीने मातिच यांना आंतरराष्ट्रीय पुरस्कार दिला. त्याच वर्षाच्या शेवटी महागाई अशी भडकली होती की देशात ५०० अब्ज दिनारची एक नोट छापली गेली.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटरनेटने बी९२ वाचवलं म्हणतात. खरं आहे का?

अर्धं. पण गोष्ट मुळातून सांगायला हवी.

१७ नोव्हेंबर १९९६ च्या स्थानिक निवडणुकांत विरोधी आघाडीने बेलग्रेडसह अनेक शहरं जिंकली. सरकारने निकाल रद्द करायला सुरुवात केली आणि लोक रस्त्यावर आले ते फेब्रुवारीपर्यंत, कडाक्याच्या थंडीत, रोज. संध्याकाळी साडेसातला सरकारी बातम्या सुरू झाल्या की घराघरांच्या खिडक्यांतून पातेली, झाकणं, शिट्ट्या असा गदारोळ सुरू व्हायचा. बातम्या संपेपर्यंत. आरटीएसच्या लेखी मोर्चे म्हणजे काही मूठभर उपद्रवी. बी९२ मात्र मोर्चा कुठून निघतोय, कुठे अडवलाय, हे दिवसभर सांगत होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी बी९२ च्या आवाजात खरखर यायला लागली. ३ डिसेंबरला प्रसारणच बंद पडलं. विद्यार्थ्यांचं रेडिओ इंडेक्स आणि पोझारेव्हात्सचं बूम ९३ यांनाही तोच फटका बसला. पोझारेव्हात्स हे मिलोशेविचचं जन्मगाव, तिथे विरोधी रेडिओ म्हणजे फारच झालं.

आता इंटरनेट. बी९२ मध्ये गणितज्ञ द्राजेन पांतिच यांनी ‘ओपननेट’ नावाची इंटरनेट सेवा उभी केली होती आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या एक्सएसफोरऑल या कंपनीशी तिची जोडणी होती. प्रसारण बंद होताच बातम्या रिअलऑडिओ या आवाज पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून इंटरनेटवर सोडल्या गेल्या. पण १९९६ च्या बेलग्रेडमध्ये इंटरनेट होतं किती घरांत? मोर्चात चालणारा माणूस संगणकावर ऐकत नव्हता. खरा उपयोग वेगळाच झाला: बाहेरच्या प्रसारकांना तो आवाज मिळाला. व्हॉइस ऑफ अमेरिका, रेडिओ फ्री युरोप, बीबीसी यांसारख्यांनी तो उचलून आपल्या लहरींवरून परत सर्बियात पाठवला. युवक भवनातून निघालेला आवाज अ‍ॅमस्टरडॅमला वळसा घालून साध्या ट्रान्झिस्टरवर बेलग्रेडच्याच स्वयंपाकघरात पोचला. बंद करण्याआधी जो शहरापुरता होता, तो बंद केल्यावर देशभर गेला.

दोन दिवसांनी, ५ डिसेंबरला, स्टेशन पुन्हा सुरू झालं. अधिकृत खुलासा: केबलमध्ये पाणी शिरलं होतं.

तर इंटरनेट होतं, पण सोबत जुन्या पद्धतीचा रेडिओ होता, रस्त्यावर रोज उतरणारी माणसं होती आणि परदेशी सरकारांचा दबावही होता. यातलं एक काढलं असतं तर दोन दिवसांचे दोन महिने झाले असते, असं मला वाटतं.

बेलग्रेडबाहेर कोणी ऐकत होतं का?

सुरुवातीला फार थोडे. हीच मोठी उणीव होती, कारण मिलोशेविचची मतं खेड्यांत आणि छोट्या गावांत होती. १९९३ मध्ये स्वतंत्र स्टेशनांची ‘अनेम’ ही संघटना स्थापन झाली. पुढे, १९९७ पासून, तिच्या जाळ्यातून बी९२ च्या बातम्या गावोगावच्या सदस्य स्टेशनांवर जाऊ लागल्या. मार्ग पुन्हा तोच आडवळणाचा: बेलग्रेडहून इंटरनेटने अ‍ॅमस्टरडॅम, तिथून लंडनला बीबीसीकडे, लंडनहून उपग्रहावर आणि उपग्रहावरून सर्बियातल्या लहान स्टेशनांच्या तबकडी अँटेनांवर. शेजारच्या तालुक्यात आवाज पोचवायला अर्धा युरोप फिरावा लागायचा. पण यामुळे एक ट्रान्समीटर उचलून नेला तरी सगळं ठप्प होत नव्हतं.

पैसा कुठून यायचा? परदेशी पैशावर चालणारं स्टेशन स्वतंत्र कसं?

हा सरकारचा लाडका मुद्दा होता. तो सरकारने मांडला म्हणून फालतू ठरत नाही. जॉर्ज सोरोस यांचं प्रतिष्ठान, युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या सरकारी-बिनसरकारी संस्था यांच्याकडून बी९२ ला मदत मिळत होती आणि हे लपलेलं नव्हतं. जाहिरातींवर चालवायचं म्हटलं तर निर्बंध आणि महागाईने बाजार मोडलेला, आणि ज्याच्याकडे पैसा त्याला सरकारशी वाकडं नको. म्हणजे पर्याय दोनच होते: बाहेरचा पैसा किंवा टाळं.

कसोटी मी एकाच ठिकाणी लावतो: देणगीदार देश चुकले तेव्हा स्टेशन काय बोललं? १९९९ मध्ये कोसोवोच्या संघर्षावरून नाटोने सर्बियावर बॉम्बफेक केली तेव्हा मातिच यांनी तिच्यावर उघड टीका केली. बॉम्बमुळे सर्बियातल्या लोकशाहीवाद्यांच्याच पायाखालची जमीन गेली, असं त्यांनी परदेशी वाचकांना सुनावलं. पैसे देणाऱ्याला हे ऐकवता येत असेल तर स्वातंत्र्य शाबूत आहे.

परदेशी पैशाचा दुसरा तोटा मात्र खरा ठरला. राजवट पडली, देणगीदारांचं लक्ष दुसरीकडे गेलं, आणि बाजारात उभं राहायची सवय नसलेलं स्टेशन मालकांच्या खरेदी-विक्रीत सापडलं.

नाटोच्या बॉम्बफेकीच्या काळात नेमकं काय घडलं?

त्याआधी ऑक्टोबर १९९८ मध्ये सर्बियाने माहितीविषयक नवा कायदा केला होता. वर्तमानपत्रं आणि स्टेशनं दिवाळखोरीत जावीत असे दंड त्यात होते आणि परदेशी बातम्यांच्या पुनर्प्रसारणावर बंदी होती. अनेमच्या जाळ्यावरच नेम होता तो.

२४ मार्च १९९९ रोजी, बॉम्बफेक सुरू होण्याच्या काही तास आधी, पहाटेच अधिकारी आणि पोलीस आले, ट्रान्समीटर काढून नेला आणि मातिच यांना काही तास ताब्यात ठेवलं. ठपका ठेवला तो जादा शक्तीने प्रक्षेपण केल्याचा. इंटरनेटवरून बातम्या चालू राहिल्या. २ एप्रिलला शेवटचा घाव बसला, आणि तो जुन्या कागदावरून: सरकारच्या कह्यातल्या युवक परिषदेने मालकी सांगितली, संचालकांना काढून आपला माणूस बसवला. कर्मचाऱ्यांनी नव्या साहेबाच्या हाताखाली काम करायला नकार दिला आणि बाहेर पडले. १९८९ मध्ये कुणाच्या लक्षातही न आलेलं मालकीचं कलम दहा वर्षांनी असं उपयोगी पडलं.

पुढे त्याच नावाने, त्याच फ्रिक्वेन्सीवर सरकारला मानवणारं प्रसारण सुरू झालं. बंद करण्यापेक्षा हे जास्त घातक आहे. बंद स्टेशनबद्दल लोकांना हळहळ वाटते, बनावट स्टेशनबद्दल गोंधळ उडतो.

आरटीएस प्रचार करत होतं, मग नाटोने त्याच्या इमारतीवर बॉम्ब टाकला यात चूक काय?

२३ एप्रिल १९९९ च्या पहाटे त्या हल्ल्यात १६ कर्मचारी मेले. प्रचार ठरवणारे त्या वेळी इमारतीत नव्हते, रात्रपाळीची माणसं होती. हल्ल्याची शक्यता असूनही इमारत रिकामी न केल्याबद्दल आरटीएसचे प्रमुख द्रागोल्युब मिलानोविच यांना २००२ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. नाटोच्या बाजूने कुणावरही खटला उभा राहिला नाही. प्रचाराला उत्तर म्हणून बॉम्ब टाकणं चूकच होतं, आणि त्यानंतर स्वतंत्र पत्रकारांना ‘नाटोचे हस्तक’ म्हणणं सरकारला आणखी सोपं झालं.

पत्रकारांच्या जिवाला धोका होता का?

होता. ११ एप्रिल १९९९ रोजी, ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या दिवशी, वर्तमानपत्राचे मालक-संपादक स्लाव्को चुरुविया यांना बेलग्रेडमध्ये घराच्या दाराशी गोळ्या घातल्या. खटला उभा राहायलाच दीड दशक लागलं. गुप्तचर यंत्रणेतले माजी अधिकारी दोषी ठरले आणि मग अपिलात सगळे सुटले.

‘बी२-९२’ हे वेगळं स्टेशन होतं का?

माणसं तीच, फ्रिक्वेन्सी उसनी. नाव बळकावलं गेल्यामुळे मूळ मंडळींनी ऑगस्ट १९९९ मध्ये या नावाने ९९.१ मेगाहर्ट्झवर काम सुरू केलं. ही फ्रिक्वेन्सी स्टुडिओ बीची, आणि स्टुडिओ बी त्या वेळी द्राश्कोविच यांच्या पक्षाच्या हातात. म्हणजे सरकारपासून सुटका, पण एका पक्षाच्या मेहेरबानीवर. १७ मे २००० च्या रात्री पोलिसांनी स्टुडिओ बीचा ताबा घेतला आणि बी२-९२ ही गप्प झालं. त्यानंतर उपग्रह आणि इंटरनेट.

शेवटी मिलोशेविचला बी९२ ने पाडलं का?

नाही. २४ सप्टेंबर २००० च्या निवडणुकीत तो हरला आणि हार मानेना. मग एक झालेले विरोधी पक्ष, ‘ओतपोर’ या विद्यार्थी-चळवळीची पोरं, कोलुबाराच्या खाणींतले संपावर गेलेले कामगार आणि ५ ऑक्टोबरला गावोगावहून राजधानीत घुसलेले लोक यांनी त्याला खाली खेचलं. त्या दिवशी एक अवजड लोडर थेट आरटीएसच्या इमारतीवर चालून गेला आणि इमारत पेटली. रेडिओचं काम त्याआधीचं आणि कमी दिसणारं. ‘माझ्यासारखा विचार करणारा मी एकटाच आहे का’ अशी शंका अकरा वर्षं त्याने श्रोत्याच्या मनात टिकू दिली नाही. भीती मोडायला माहितीपेक्षाही हे जास्त लागतं: आपल्याला कळलेलं इतरांनाही कळलं आहे, याची खात्री.

दुसऱ्या देशांतही असंच झालं आहे का?

साम्य आहे, पण नक्कल नाही. फेब्रुवारी १९८६ मध्ये फिलिपीन्सच्या मनिलात चर्चच्या रेडिओ व्हेरितासने लोकांना हुकूमशहा मार्कोसविरुद्ध रस्त्यावर बोलावलं आणि त्याचा ट्रान्समीटर फोडला गेला. ती गोष्ट चार दिवसांची. मॉस्कोचं ‘एखो’ हे रेडिओ स्टेशन १९९० पासून चाललं, त्यात बहुसंख्य समभाग सरकारी गॅझप्रॉमच्या गोटाकडे असूनही चाललं, आणि मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर काही दिवसांत संपलं. रशियाचीच दोझ्द वाहिनी देशाबाहेर गेली, लाटव्हियात परवाना मिळाला, काही महिन्यांत गेलाही, आणि मग नेदरलँड्सचा मिळाला. परागंदा प्रसारकाला मायदेशाचं सरकार छळतंच, पण यजमान देशाचीही मर्जी राखावी लागते.

स्वतःला स्वतंत्र म्हणवणाऱ्या स्टेशनवर तरी विश्वास का ठेवायचा?

बी९२ चं घोषवाक्यच होतं: कुणावरही विश्वास ठेवू नका, आमच्यावरसुद्धा. गंमत म्हणून चांगलं आहे, पण सरकारी टीव्हीच्या प्रेक्षकाला नेमकी हीच सवय नव्हती.

बी९२ आज ऐकता येतं का?

रेडिओ म्हणून नाही. ऑक्टोबर २००० मध्ये स्टेशनला आपली फ्रिक्वेन्सी परत मिळाली, त्याच सुमारास टीव्ही वाहिनीही आली आणि २००२ पासून हेगमधला मिलोशेविचवरचा युद्धगुन्ह्यांचा खटला तिने थेट दाखवला. नंतर मालकी बदलत गेली, करमणूक वाढत गेली. २०१५ मध्ये रेडिओच्या जागी ‘प्ले’ नावाचं संगीत स्टेशन आलं, २०१७ मध्ये टीव्ही वाहिनीचंही नाव बदललं. यातलं काहीही पोलिसांनी केलं नाही.